गाण्याला दिवसाचे नाव

(माधवनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृती व्याख्यानाला उभे राहताना आपल्या ऋणाची आठवण ठेवावी, अशी आपली रीत आहे. माझे ऋण ज्या बायकांचे आहे, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. गिरणीची पाळी सांभाळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या, बुधगावच्या बाजूला शेतावर जाणाऱ्या अशा त्या बायका होत्या. आश्विनातल्या संध्याकाळी आमच्या अंगणात त्या आम्हा मुलींना घेऊन फेर धरायच्या. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या गाण्यांबद्दल, आणि त्याहून जास्त त्या गाण्यांना त्यांनी दिलेल्या नावाबद्दल.

काही वर्षांपूर्वी भाषांतर करताना मी एका शब्दापाशी अडले. शब्द होता कॅरल. नाताळच्या दिवसांत गटागटाने, दारोदार जाऊन म्हणायचे गाणे. ‘नाताळगीत’ लिहिले तर सण आला, पण दारोदार हिंडणे गेले. ‘आनंदगीत’ लिहिले तर दिवसच हरवला. ‘ऋतुगीत’, ‘सणगीत’ हे शब्द कागदावर नीटस दिसतात, पण ते कुणाच्या तोंडी नाहीत. ही अडचण मी आईला समजावून सांगितली. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे आपल्या हादग्यासारखंच की!”

भाषांतरात तो शब्द काही बसला नाही. पण आईने बरोबर जागी बोट ठेवले होते. मराठीत सणाच्या गाण्यांसाठी एकच छत्रीसारखा शब्द नाही, कारण मराठी बाई गाण्याला दिवसापासून वेगळे काढतच नाही. ती म्हणते हादग्याची गाणी, पंचमीची गाणी, मंगळागौरीची गाणी, आखाजीची गाणी. त्या ‘ची’ या एका अक्षरात गाण्याची मालकी सांगितलेली असते. गाणे गाणारीचे नाही, रचणारीचेही नाही. ते त्या दिवसाचे आहे. म्हणून वैशाखात कुणी हादग्याचे गाणे गुणगुणले तर आजी म्हणायची, “आत्ता कुठला गं हादगा?” ती रागवत नव्हती. गाणे त्याच्या जागेवर ठेवत होती.

आमचा हादगा कसा मांडला जायचा ते सांगते. भिंतीवर चित्राचा कागद लागायचा. समोरासमोर उभे असलेले दोन हत्ती, त्यांच्या सोंडांत माळा. कागदाला वरून फळाफुलांच्या माळा सोडायच्या. भोपळा, पडवळ, कारले, दोडका, काकडी, जे परसात किंवा बाजारात नुकते आलेले असेल ते दोऱ्यात बांधून टांगायचे. काही घरी चित्राऐवजी पाटावर तांदळाने हत्ती काढून, पाट मध्ये ठेवून फेर धरत. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. असे वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. पहिल्या दिवशी आलेली लहान मुलगीसुद्धा शेवटपर्यंत सगळी गाणी शिकून जाई, कारण पहिले गाणे तिने सोळा वेळा म्हटलेले असे. शिकवणारे कुणी नव्हते, पण शिकवण्याची रीत किती पक्की होती बघा!

गाणी संपली की खिरापत. झाकण घट्ट लावलेला डबा मध्ये यायचा. आम्ही तो कानाशी धरून हलवायचो. खुळखुळ वाजला तर फुटाणे, जड आणि मुका लागला तर शिरा किंवा लाडू. तिखट की गोड, ओले की कोरडे, असे विचारत विचारत ओळखायचे. ओळखू आली नाही की ज्या घरची खिरापत, त्या घरच्या मुलीचा चेहरा असा फुलायचा की आजही तो माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता या शब्दाकडे वळू. हादगा हे नाव हस्त नक्षत्राशी जोडले जाते. आपल्याकडे शेतकरी पाऊस नक्षत्राने मोजतो. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त. साधारण २७ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य हस्तात येतो आणि तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. आपल्या सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या रानांत, याच सुमाराला शाळूची पेरणी असते. हस्त बरसला तर रानात ओल धरते आणि पुढे थंडीत त्या ओलीवर कणीस भरते. हस्त कोरडा गेला तर कडब्यापासून भाकरीपर्यंत सगळ्याची ओढाताण. म्हणजे ज्या पंधरवड्यात घरातले पुरुष आभाळाकडे बघत असत, त्याच पंधरवड्यात घरातल्या मुली हत्तीभोवती फेर धरत असत.

आणि हत्ती का? संस्कृतात हस्त म्हणजे हात, आणि ज्याला हात आहे तो हस्तिन्, म्हणजे सोंड असलेला हत्ती. आकाशातले हस्त नक्षत्र पाच ताऱ्यांचे. उघड्या पंजासारखे दिसते म्हणून हे नाव. पाश्चात्त्यांना त्याच तारकांत कावळा दिसला, आपल्याला हात दिसला. हातावरून हत्ती आला, हत्तीच्या सोंडेबरोबर पाणी आले, पाण्याबरोबर पीक आले आणि पिकाची पहिली फळे हादग्याच्या माळेत बांधली गेली. एका शब्दात तारा, पाऊस, जनावर आणि भाजी असे चौघे नांदतात. हस्ताचे दिवस तेरा-चौदा आणि अनेक घरांत हादगा सोळा दिवसांचा, हा हिशेब जुळत नाही असे कुणी म्हणेल. पण सोळा हा आपल्या घरांतला पूर्णत्वाचा आकडा आहे. सोळा सोमवार, पूजेचे सोळा उपचार. तशी हादग्याची सोळा गाणी. माळव्यात मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाने आकृत्या काढून संजाची गाणी म्हणतात. तिथेही दिवस सोळाच.

आपण सीमेवरची माणसे. मिरजेपलीकडे कन्नड कानावर पडते आणि कन्नडमध्ये गाण्याला ‘हाडु’ म्हणतात. हादगा त्यावरूनच आला असेल, असे वाटण्याचा मोह मलाही झाला होता. पण दोन शब्द सारखे वाजले म्हणून त्यांचे नाते ठरत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शब्दांवर प्रेम करणाऱ्याने त्यांच्याविषयी खोटे बोलू नये.

हाच फेर मराठी मुलखात किती नावांनी धरला जातो पाहा. पुण्या-मुंबईकडे तो भोंडला. विदर्भात आणि खानदेशात तो भुलाबाई. तिथे भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, कोजागरीपर्यंत, भुलोबा आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडतात. ते म्हणजे शंकर-पार्वती. तिथेही बंद डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. खानदेशातच अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि गौराईच्या गाण्यांनी माहेरवाशिणी झोके घेतात. आपल्याकडे नागपंचमीला बायका नुसतेच ‘पंचमी’ म्हणतात. शिराळ्याची पंचमी नागांसाठी सगळीकडे गाजली, पण गावोगावच्या बायकांच्या मनातली पंचमी झोक्याची, झिम्म्याची आणि फेराच्या गाण्यांची. गोव्यात पौषातल्या रात्री बायका मांडावर जमून धालो खेळतात. खेळाचे आणि गाण्याचे नाव एकच. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी घुमते. कोकणात शिमग्याला फाग गातात, आणि फाग म्हणजे फाल्गुनच.

हे सगळे आपल्याला ठाऊक का आहे? कारण काही माणसांनी ते वेळेवर लिहून ठेवले. त्यांत सर्वांत आधी नाव घ्यावे ते आपल्याच जिल्ह्यातल्या डॉ. सरोजिनी बाबर यांचे. वाळवा तालुक्यातील बागणी हे त्यांचे गाव. त्यांनी महाराष्ट्राच्या लोकसाहित्य समितीचे काम वर्षानुवर्षे चालवले आणि खेड्यापाड्यातल्या बायकांच्या तोंडची गाणी पुस्तकात आणली. मोठमोठ्या पंडितांनी ज्याकडे घरगुती म्हणून पाठ फिरवली, ते त्यांनी साहित्य म्हणून समोर ठेवले.

आता थोडे दूर जाऊ. जगातल्या भाषांनी सणाच्या गाण्यांना नावे दिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते? काहींनी वेळ पाहिली. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला कालेंडे म्हणत. मूळ क्रियापदाचा अर्थ पुकारणे, कारण नवा महिना लागला हे पुजारी ओरडून सांगत. त्याच कालेंडेपासून ग्रीकमध्ये कालांडा, पोलिशमध्ये कोलेंडा, युक्रेनियनमध्ये कोल्यादा आणि रोमानियनमध्ये कोलिंडा हे शब्द आले. सगळ्यांचा अर्थ वर्षाच्या वळणावर दारोदार म्हणायची गाणी. रोमानिया आणि मोल्दोवा इथल्या पुरुषांच्या कोलिंडा गाणाऱ्या मेळ्यांना २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आणि तुमच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचा शब्दही त्याच घरातला. एकाच मुळापासून तारखेचा कागद निघाला आणि गाणेही निघाले.

वेळेवरून नाव ठेवण्याची रीत आपल्या देशातही सर्वत्र दिसते. उत्तरेत चैत्रातली चैती, फाल्गुनातला फगुआ. बंगालच्या पश्चिम भागात भाद्र महिन्यातले भादू. केरळात धनू महिन्यात बायका दिव्याभोवती गोल फेर धरतात, त्या खेळाचे नाव तिरुवातिरा. तिरुवातिरा म्हणजे आर्द्रा नक्षत्र! आपण हस्ताचे नाव घेतले, त्यांनी आर्द्रेचे घेतले. तमिळनाडूत मार्गळी महिन्याच्या प्रत्येक पहाटे आंडाळच्या तिरुप्पावैतले एक पद म्हणतात. दिवस तीस, पदेही तीस. गाण्याने दिवस मोजायची ही रीत आपल्या सोळा दिवसांच्या हादग्याला ओळखीची वाटेल.

काहींनी फेर पाहिला. कॅरल हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधल्या कारोलवरून, आणि कारोल म्हणजे हात धरून, गात गात केलेला गोल नाच. म्हणजे ज्या शब्दासाठी मी मराठी शब्द शोधत बसले होते, त्याचा जुना अर्थ सरळ ‘फेर’ असा होता. आई शब्दकोशापेक्षा जुन्या अर्थापाशी पोहोचली होती.

काहींनी गाणारा पाहिला. स्पॅनिशमध्ये नाताळच्या गाण्याला व्हिलान्सिको म्हणतात. व्हिलानो म्हणजे खेडूत. ते आधी खेडुतांचे गाणे होते, मग चर्चमध्ये गेले. काहींनी जन्म पाहिला. फ्रेंच लोक सणालाही नोएल म्हणतात आणि त्याच्या गाण्यालाही. नोएल हा शब्द लॅटिनमधल्या ‘नातालिस’चा, म्हणजे जन्मदिवसाचा, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला ‘नाताळ’ही त्याच नातालिसचा. मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाले. त्या परिसरातली मराठी ख्रिस्ती कुटुंबे नाताळची गाणी मराठीत गातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या चालीवर आणली. तेव्हा ‘नाताळची गाणी’ म्हणताना तिथेही तोच ‘ची’ आला. परका सण आपल्या व्याकरणात शिरला आणि घरचा झाला.

आणि काहींनी देवता पाहिली. तेलंगणात आपल्या हादग्याच्याच दिवसांत, महालयापासून नऊ दिवस, बायका फुलांचा मनोरा रचून त्याभोवती टाळ्या वाजवत गातात. ती बतुकम्मा, ‘बतुकु’ म्हणजे जगणे. मनोऱ्यात मान असतो तंगेडूच्या पिवळ्या फुलांना. तंगेडू म्हणजे आपल्या माळावरचा तरवड. सोलापुरात तेलुगू विणकरांच्या वस्त्यांत बतुकम्मा खेळली जाते. माधवनगरसारख्या मागांच्या गावाला ही विणकरांची भावकी जवळची वाटायला हवी. गुजरातेत याच दिवसांत गरबा. छिद्रे पाडलेल्या घटातला दिवा, गर्भदीप, त्याभोवती फेर. एकाच आश्विनात दख्खनभर आणि गुजरातभर बायका गोल उभ्या असतात. मध्ये कुठे हत्ती, कुठे दिवा, कुठे तरवडाची फुले.

इथवर आपण नावांची श्रीमंती पाहिली. आता नाव बदलले तर काय होते, ते सांगते. उदाहरण युक्रेनचे आहे. तिथे नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी म्हणायच्या गाण्यांना श्चेद्रिवका म्हणतात. ‘श्चेद्री’ म्हणजे उदार, हात सैल असलेला. अशाच एका पारंपरिक गाण्यावरून मिकोला लेओन्तोविच या संगीतकाराने ‘श्चेद्रिक’ ही रचना बांधली. ती १९१६ मध्ये कीव्हमध्ये गायली गेली. त्या गाण्यात एक पाकोळी उडत येते आणि घरधन्याला हाक मारते, बाहेर ये, तुझ्या मेंढ्यांना कोकरे झाली आहेत बघ. ऐन थंडीच्या नववर्षात पाकोळी कशी? कारण फार पूर्वी तिथे वर्ष वसंतात सुरू होई. वर्षारंभ हिवाळ्यात सरकला, पण गाण्याने पाकोळी सोडली नाही. तीच चाल अमेरिकेत गेली, आणि १९३६ मध्ये पीटर विल्होव्स्की यांनी तिला इंग्रजी शब्द दिले. नाव झाले ‘कॅरल ऑफ द बेल्स’. आज ही चाल जगभर वाजते. चाल सुंदरच आहे, नवे शब्दही वाईट नाहीत. पण त्यांत घंटा आहेत. पाकोळी नाही, कोकरे नाहीत, घरधनी नाही. नाव बदलले आणि नावाबरोबर ऋतू निघून गेला.

श्रोतेहो, आपल्या अंगणातली पाकोळी उडण्याच्या बेतात आहे, म्हणून मी आज इथे आले. सांगली भागात नवरात्रात लागणाऱ्या फलकांवर आता बहुतेक ठिकाणी ‘भव्य भोंडला’ असे छापलेले असते. एका रविवारी दोन तास कार्यक्रम, ध्वनिक्षेपकावर गाणी, मध्ये पाटावर हत्ती. एका अशाच कार्यक्रमात मी एका छोट्या मुलीला विचारले, “हा हत्ती कशासाठी?” ती म्हणाली, “भोंडल्याला असतो.” तिचे काहीच चुकले नाही. भोंडला या शब्दात तिला हत्ती कुठे ऐकू येणार? आपण हादगा म्हटले असते, तर निदान हस्तापर्यंत जायची वाट तिच्यासाठी उघडी राहिली असती.

भोंडल्याशी माझे भांडण नाही. तो शब्द पुण्याच्या अंगणात वाढला आहे आणि तिथे तो आपल्या जागी शोभतो. पुस्तके, मासिके, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आता मोबाइल, यांतून तो आपल्यापर्यंत आला. पाहुणा म्हणून त्याला पाट द्यावा. पण पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाने घर सोडायचे नसते. नावे बदलतात हे मला समजते. आपल्या जिल्ह्यालाच १९४९ पासून दक्षिण सातारा म्हणत आणि १९६० मध्ये तो सांगली झाला. पण ते नाव आपण जाणूनबुजून, ठरवून बदलले. हादगा मात्र कुणी ठरवल्यावाचून चालला आहे.

इथे कुणी विचारील, नुसते नाव राखून गाणी राहतात का? प्रश्न खरा आहे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढा मोठा ठेवा दुसऱ्या कुठल्या भाषेच्या वाट्याला क्वचितच आला असेल. तरी ओवी आज घराघरात म्हटली जात नाही, कारण ती दळण्याला बांधलेली होती. पिठाची गिरणी आली आणि ओवीची वेळ गेली. बायकांच्या हाताची सालटे निघणे थांबले, हे चांगलेच झाले. त्याचे दुःख करू नये.

पण हादगा कष्टाला बांधलेला नाही, नक्षत्राला बांधलेला आहे. जाते थांबले, हस्त थांबलेला नाही. सूर्य दरवर्षी त्याच सुमाराला हस्तात येतो, पंचांगात तो छापलेला असतो, शाळूवाला शेतकरी आजही त्याची वाट पाहतो. ज्या गाण्याची वेळ अजून येते, ते गाणे टिकवता येते. फक्त त्या वेळेचे नाव आपल्याला उच्चारता यायला हवे.

आपल्या हादग्यातले एक गाणे सर्वांना पाठ आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले तर म्हणते, वेल येऊ दे. वेल आला तर फूल येऊ दे. फूल आले तर कारले लागू दे. पुढे भाजी करून खाऊन होईपर्यंत तिचे माहेर लांबत जाते. त्या गाण्यात घड्याळ नाही, तारीख नाही. वाट पाहण्याचे माप म्हणजे कारल्याचा वेल. आमच्या अंगणात हे गाणे म्हणताना समोर माळेत खरेखुरे कारले टांगलेले असायचे. ज्या मुलीने ते दोऱ्यात बांधले, तिला गाण्यातला उशीर कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. ध्वनिक्षेपकावर गाणे तेच असते, पण समोर कारले नसते.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. फलकावर हादगा लिहा. आपल्या गावात विदर्भाची, खानदेशची कुटुंबे असतील, तर त्यांच्या भुलाबाईलाही बोलवा. दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहा, एकात दुसरे बुडवू नका. शाळांनी हत्तीचे चित्र लावताना मुलांना हस्त कधी लागतो ते पंचांगात दाखवावे, आणि जमल्यास रात्री आकाशातला तो पंजाही कधीतरी दाखवावा. घरातल्या आजीकडून गाणी लिहून घ्या, आणि गाण्याखाली गावाचे नाव लिहा, कारण पुढच्या गावात तेच गाणे एका ओळीने वेगळे असते आणि ती ओळच त्या गावाची असते.

सोळा दिवस कुणाला वेळ आहे, असे तुम्ही म्हणाल. त्याची तजवीज त्या बायकांनी आधीच करून ठेवली आहे. यंदा हस्त लागेल त्या संध्याकाळी पाटावर मूठभर तांदळाचा हत्ती काढा, परसातले नाहीतर बाजारातले एखादे कारले दोऱ्यात बांधा आणि शेजारच्या दोन मुलींना हाक मारा. सोळा गाणी येत नसली तरी चालेल. हादग्याच्या पहिल्या दिवशी एकच गाणे म्हणायचे असते.